निकाल लागला, पण युक्तिवाद कुठाय? : जुन्या मराठी चित्रपटांच्या मालकांना खुलं पत्र

प्रति,
जुन्या मराठी चित्रपटांच्या निगेटिव्ह, प्रिंटा आणि हक्कांची कागदपत्रं ज्यांच्या ताब्यात आहेत अशा सर्व कंपन्या, त्यांचे वारसदार, आणि हे चित्रपट दाखवणाऱ्या वाहिन्या यांस

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी तुमच्यापैकी एका वाहिनीनं 'पाठलाग' दाखवला. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ८८ वर्षांचे आहेत. जिल्हा न्यायालयात सरकारी वकील म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि सकाळचा पेपर भिंगातून वाचतात. पेपरात त्या चित्रपटाचं नाव दिसल्यावर त्यांनी त्याभोवती पेनानं गोल केला, दुपारी घरी कुणाला बोलवायचं नाही असं मला बजावलं आणि दीड वाजताच खुर्ची टीव्हीसमोर ओढून बसले.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'पाठलाग' १९६४ चा. दिग्दर्शक राजा परांजपे, कथा जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून, गीतं गदिमांची, संगीत दत्ता डावजेकर यांचं, भूमिकांत डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना. एका वकिलाची बायको वारलेली आहे. तिच्या दुःखातून तो अजून सावरलेला नाही, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक बाई उभी राहते. ती म्हणते, मीच तुमची बायको. ती खोटी आहे हे सिद्ध करायची पाळी त्याच्यावर येते. पुढचं मी सांगणार नाही. ६० वर्षं झाली तरी रहस्य ते रहस्य.

तर त्या रविवारी चित्रपट शेवटाकडे आला. कोर्टाचा प्रसंग रंगात आलेला. जाहिराती लागल्या. वॉशिंग पावडर झाली, गुडघेदुखीचं तेल झालं, सोन्यावरचं कर्ज झालं. जाहिराती संपल्या तेव्हा चित्रपट पुढे उडी मारून थेट निरवानिरवीवर पोचला होता. अण्णांनी कानातलं यंत्र चाचपलं, त्यांना वाटलं आपल्यालाच ऐकू आलं नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "निकाल लागला?"

म्हटलं, "लागला."

"अगं, मग युक्तिवाद कुठाय?"

मी काय सांगणार. हा प्रश्न मी वाहिनीला पाठवला. उत्तर आलं की आमच्याकडे आलेली प्रत तशीच आहे. ज्या कंपनीनं प्रत दिली तिला विचारलं, तर वाहिनीनं वेळेत बसवायला कापली असेल असं कळलं. दोघांनीही अतिशय नम्र भाषेत एकमेकांकडे बोट दाखवलं. आमच्या गावच्या वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा आम्ही चित्रपट दाखवतो, तिकीट नसतं, येणारे ३०-४० जण आणि त्यातले निम्मे पेन्शनर. म्हटलं, त्यासाठी अख्खी प्रत विकत द्या. दर कळला : २५ हजार रुपये अधिक जीएसटी, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला कंपनीचा लोगो निघणार नाही.

इथपर्यंतही मी गप्प बसले असते. दर जास्त वाटला तर मुकाट्यानं परत फिरायची सवय आम्हा मध्यमवर्गीयांना आहेच. पण फोनवरचा मुलगा सहज म्हणून गेला, "मॅडम, निगेटिव्हचे मूळ डबे आता कुणीच ठेवत नाही. गोदामाचं भाडं परवडत नाही. आम्ही मागच्या वर्षी सगळं काढून टाकलं, फाइल आहे ना." कुणाला दिले, तर बहुतेक भंगारवाल्याला. त्यांत कुठकुठले चित्रपट होते, हे त्याला सांगता आलं नाही. आवाजात कसलाही अपराधीपणा नव्हता. एखादं जुनं कपाट काढून टाकावं तसं. त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहिते आहे, आणि ते एका कंपनीला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, कारण तो मुलगा 'कुणीच ठेवत नाही' असं म्हणाला.

माझा यात काय संबंध, तेही सांगते.

सरकारी वकिलाच्या घरात वाढणं हा एक वेगळाच प्रकार असतो. ओसरीवर साक्षीदार चपला काढून बसलेले, आत आई चहाचं आधण वाढवतेय, आणि आम्हा मुलांना ताकीद, की केसबद्दल घरात चकार शब्द काढायचा नाही. 'खुनी' हा शब्द आमच्या घरात वर्ज्य होता. निकाल लागेपर्यंत 'आरोपी'च म्हणायचं. शाळेत मी डबा चोरणाऱ्या मुलीलाही 'आरोपी' म्हणाले होते आणि बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. अशा घरातल्या माणसाला वकिलाच्या घरावरचा रहस्यपट आवडेल असं वाटत नाही. अण्णांना कोर्टाचे चित्रपट बघवत नाहीत. साक्षीदाराला असं विचारता येतं का, न्यायाधीश हातोडा कधीपासून आपटायला लागले, म्हणून ते खुर्चीत चुळबुळत राहतात. 'पाठलाग'वरही त्यांच्या हरकती आहेत, आणि त्या आम्हाला तोंडपाठ आहेत. ती ज्याची बायको म्हणून उभी आहे तोच त्या खटल्यात वकील कसा? स्वतः साक्षीदार होण्याची शक्यता असेल तर वकिलानं ते काम घेऊच नये. आणि नवराबायकोतल्या खासगी गोष्टी कोर्टात बोलायच्या म्हणजे पुरावा कायद्याचं कलम १२२ कुठे गेलं? १८७२ चा तो कायदा २०२४ च्या जुलैत गेला, त्याच्या जागी नवा आला, पण अण्णांच्या तोंडी अजून १२२ च.

एवढ्या हरकती असूनही त्यांनी तो चित्रपट तीन वेळा तंबूत आणि थिएटरात पाहिला. पहिल्यांदा नव्यानं सनद मिळाली तेव्हा, बरोबरच्या ज्युनिअरांसोबत. दुसऱ्यांदा लग्नानंतर आईला घेऊन. त्या वेळी म्हणे त्यांनी पडदा फारसा पाहिलाच नाही, रहस्य उलगडताना आईचा चेहरा कसा होतो ते पाहत बसले. आई शेवटपर्यंत चिडायची त्यावरून. "सगळं ठाऊक असून एक अक्षर बोलले नाहीत, पक्के वकील," असं म्हणायची. आई जाऊन चार वर्षं झाली. गेलेली बायको परत आली असं सांगणारा चित्रपट अण्णांना आता का पाहायचाय हे मी त्यांना विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका. फक्त शेवटचं रीळ द्या.

आता तक्रारी.

पहिली कापाकापीची. ३५ मिलिमीटरच्या हजार फुटी रिळात साधारण ११ मिनिटांचा चित्रपट मावतो. कुठून १०-१२ मिनिटं गेली की समजावं, आख्खं एक रीळ गेलं. कौटुंबिक चित्रपटात एखादं डोहाळजेवण गळलं तर प्रेक्षक चालवून घेतो. रहस्यपटात प्रत्येक रीळ हा पुरावा असतो. पहिल्या भागात सहज दाखवलेली गोष्ट शेवटी उलटतपासणीत वर येते. तुम्ही ती गोष्ट काढली की उरतं ते फक्त अंतिम निकालपत्र, कारणांशिवायचं. अण्णा म्हणतात, असा निकाल वरच्या कोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही. आणि कापलं किती हे कळायला आम्हाला काही मार्ग ठेवा. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र असतं, त्यावर रिळांची संख्या आणि लांबी लिहिलेली असते. नेमकं तेच तुम्ही सगळ्यात आधी उडवता.

दुसरी चौकटीची, आणि हिच्याकडे कुणी लक्षच देत नाही. १९६४ चा मराठी कृष्णधवल चित्रपट आजच्या टीव्हीसारखा लांबट नव्हता, जवळपास चौकोनी होता. तो आजच्या पडद्यावर भरायचा तर दोन युक्त्या आहेत. एक, ताणायचा. म्हणजे घाणेकरांचा तो रेखीव चेहरा थाळीसारखा पसरतो आणि भावनाबाई तर ओळखू येत नाहीत. दुसरी, वरून-खालून छाटायचा. चार-तीनच्या चित्राला सोळा-नऊमध्ये कोंबलं की उंचीचा बरोबर चौथा हिस्सा जातो. कपाळ जातं, कुंकू जातं, टेबलावरचे हात जातात. विचार करा, आख्खी गोष्ट एका चेहऱ्यावर उभी आहे, ही बाई तीच की दुसरी. प्रेक्षकानं ओळख पटवायची ती त्याच चेहऱ्यावरून. आणि तुम्ही आरोपीचाच चेहरा बदलून ओळखपरेडला उभा करता! बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर प्रेक्षक पळून जातील ही भीती तुम्हाला कुणी घातली ते कळत नाही. आम्ही ३०-४० जण महिन्याला काळ्या पट्ट्यांसकट पाहतो. अजून कुणी उठून गेलेलं नाही. एकदा लाइट गेली तेव्हाचं सोडून.

यातच हल्ली एक नवी टूम निघाली आहे. संगणकाकडून चेहरे 'स्वच्छ' करून घ्यायचे, आवाज घासायचा, जमलं तर रंगही भरायचे. मी एक गाणं असं पाहिलं. गालावरचा तीळ गेला, डोळ्यांखालची सावली गेली, माणसं मेणाची झाली आणि नऊवारीचा काठ पावलागणिक रंग बदलत होता. कॅमेरामननं दिवा कुठे लावायचा यावर घाम गाळला असेल, त्यावर चुना फासल्यासारखं वाटलं. रंगवायचं तर रंगवा बापडे, पण मूळ कृष्णधवल प्रत शेजारी ठेवा.

तिसरी नावांची. श्रेयनामावली हा तुमच्या लेखी वाया जाणारा वेळ. त्यामुळे होतं काय, ते माझ्या भाच्यानं दाखवून दिलं. पुण्यात शिकतो, चित्रपटांचं वेड आहे. 'पाठलाग' पाच मिनिटं पाहून म्हणाला, "मावशी, ही तर 'मेरा साया'ची कॉपी." गाडी उलट्या दिशेनं गेली होती, बाबा. 'पाठलाग' आधी. त्याला १९६४ च्या चित्रपटांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६५ साली तमिळमध्ये 'इदय कमलम्' आला आणि १९६६ साली राज खोसलांनी हिंदीत 'मेरा साया' केला, साधना आणि सुनील दत्त यांना घेऊन. 'तू जहाँ जहाँ चलेगा' सगळ्या देशाला पाठ आहे आणि ते उत्तमच आहे, मदनमोहनला मी कशाला नावं ठेवू. पण त्या जागेवर मराठीत आधी 'या डोळ्यांची दोन पाखरे' होतं, आशाबाईंच्या आवाजात, आणि 'झुमका गिरा रे'च्या जागी 'नको मारूस हाक'. ज्या डावजेकरांनी १९४७ साली 'आप की सेवा में'मध्ये लताबाईंना हिंदी पार्श्वगायनाची पहिली संधी दिली, त्यांचं नाव तुमच्या प्रतीवर कुठे आहे? देवकुळ्यांचं कुठे आहे? एक कादंबरी तीन भाषांतल्या पडद्यांवर गेली आणि तिच्या लेखकाचं नाव दोन सेकंद दाखवायला तुम्हाला सवड नाही. ते कापून तिथे तुम्ही तुमचा लोगो गोलगोल फिरवत आणता, तुतारीसकट.

चौथी तक्रार लहान, पण मला भयंकर संताप येतो म्हणून लिहिते. रहस्यपटाचं रहस्य जाहिरातीत सांगू नका. चित्रपट चालू असताना खालच्या पट्टीवर शेवट लिहिणाऱ्या माणसाला तुम्ही पगार देता, हे मला अजून खरं वाटत नाही.

पाचवी, खाली अक्षरं द्या. जुन्या चित्रपटांचा प्रेक्षक म्हातारा असतो आणि म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं, एवढं साधं गणित आहे. साठ वर्षांपूर्वीचा ध्वनिपट, त्यात खरखर, त्यात प्रतीची प्रत. मराठी संवाद मराठीतच खाली लिहून दाखवले तर अण्णांना मला दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला?" असं विचारावं लागणार नाही आणि शेजारच्या लेकराचं शुद्धलेखनही सुधारेल.

आता डब्यांविषयी. 'फाइल आहे ना' या वाक्याचा अर्थ काय होतो ते समजून घ्या. डीव्हीडीच्या काळात केलेल्या फाइलमध्ये एका चित्रात सुमारे चार लाख ठिपके असतात. त्याच निगेटिव्हची आज चांगल्या यंत्रावर नीट ४के प्रत काढली तर एका चौकटीत सव्वा कोटीहून जास्त ठिपके मिळतात. तीसपट. म्हणजे तुम्ही ठेवली ती झेरॉक्स, आणि भंगारात घातलं ते मूळ खरेदीखत. उद्या याहून चांगलं यंत्र येईल. निगेटिव्ह असेल तर त्याचा उपयोग. झेरॉक्स मोठी करून पाहिली तर फक्त डाग मोठे होतात.

डबे नुसते ठेवूनही भागत नाही, हे मी घरात पाहिलंय. माझे धाकटे काका फिरत्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. जत्रेजत्रेला तंबू, कार्बनच्या कांड्यांवरचा प्रोजेक्टर, पावसानं खेळ मोडला की पैसे परत. धंदा बसल्यावर त्यांनी एक डबा आठवण म्हणून घरी आणला आणि तो माळ्यावर जाऊन पडला. दोन वर्षांपूर्वी घर रंगवताना सापडला. झाकण गंजून धरलं होतं, उलथन्यानं उचकटावं लागलं. उघडल्याबरोबर असा आंबट भपकारा आला की भावजय म्हणाली, यात लोणचं होतं का? व्हिनेगरचा वास. फिल्म अॅसिटेटची असते, उष्ण दमट हवेत ती कुजायला लागली की तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि ते सुटलं की कुजणं आणखी वेगानं होतं. शेजारच्या डब्यांनाही लागण होते. काकांच्या रिळाची कड झालरीसारखी लाटालाटांची झाली होती. मी चार-पाच चौकटी खिडकीच्या उजेडात धरल्या. एक बाई दारात उभी आहे, हातात तांब्या. पुढच्या चौकटीतही तीच, तांब्या किंचित वर. पुढच्या चौकटी एकमेकींना चिकटल्या होत्या, ओढल्या असत्या तर सोलून निघाल्या असत्या. काकांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि झाकण लावलं.

थंड आणि कोरड्या जागी ठेवली तर हीच फिल्म पुष्कळ वर्षं टिकते. ती जागा तुम्ही बांधावी असं कुणी म्हणत नाही. ती आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, म्हणजे 'पाठलाग'च्याच वर्षी. त्याची घडी बसवणाऱ्या पी. के. नायर यांनी उभी हयात डबे गोळा करण्यात घालवली. कुणाच्या गोठ्यातून, कुणाच्या बंद पडलेल्या थिएटरातून. आपल्याकडे पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते, त्याला १९५४ पासून कायदा आहे. चित्रपटाची प्रिंट संग्रहालयात दिलीच पाहिजे असं बंधन प्रकाशकासारखं निर्मात्यावर नव्हतं, म्हणून जे वाचलं ते अशा खटपटी माणसांमुळे वाचलं. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १९३१ चा. त्याची एकही प्रत आज नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातली रिळं गेली. ते निदान अपघातानं गेलं. तुम्ही टेम्पो भाड्यानं आणून घालवता आहात.

शेवटी हक्काचा मुद्दा, कारण त्या २५ हजारांच्या दरपत्रकात 'सर्व हक्क आमच्याकडे' असं ठळक अक्षरांत होतं. मी वकील नाही, पण घरात वकील आहे, आणि त्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून भिंग लावून कलम २६ माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. १९६४ चा चित्रपट म्हणजे १९६५ च्या जानेवारीपासून मोजायचं, म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ ला मुदत संपली. गाण्यांच्या शब्दांचं वेगळं. तिथे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, तेव्हा २०३७ अखेरपर्यंत तो हक्क ज्यांचा असेल त्यांना मान द्यावाच लागेल, आणि आम्ही देऊ. कादंबरीचंही तसंच पाहावं लागेल. पण १९६४ पर्यंतच्या चित्रपटांवर 'सर्व हक्क आमच्याकडे' असं छापून वाचनालयांना दर पाठवणं योग्य नाही. अण्णांनी दरपत्रकाच्या समासात लाल पेनानं 'आधार?' असं लिहून ठेवलंय. तो कागद मी सांभाळून ठेवला आहे.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. हे चित्रपट कमी पैशांत निघाले. कित्येक निर्माते कर्जात गेले, हक्क सावकाराकडून वितरकाकडे आणि तिथून तुमच्याकडे असे फिरत आले. तुम्ही ते घाऊक घेतलेत, वजनावर रद्दी घ्यावी तसे, आणि दुपारी दोनच्या खेळाला जाहिराती किती मिळतात ते मला ठाऊक आहे. कुणी लाखो रुपये खर्चून चित्रपट उजळवून द्यावा असं मागणं नाही. जे मागते आहे त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत.

मागण्या अशा :

एक, आजपासून एकही डबा भंगारात देऊ नका. ठेवायला जागा नसेल तर पुण्याच्या संग्रहालयाला फोन करा. तोवर डबे पत्र्याच्या शेडमधून काढून निदान सावलीत, कोरड्यात ठेवा, आणि आंबट वास येणारे वेगळे काढा.

दोन, तुमच्याकडे कुठल्या चित्रपटाची काय साधनं आहेत, निगेटिव्ह की प्रिंट, किती रिळं, याची यादी मराठीत जाहीर करा. जे दिलंत किंवा टाकलंत त्याचीही करा. लाज वाटेल, पण शोधणाऱ्यांची पायपीट वाचेल.

तीन, चित्रपट दाखवाल तो सेन्सॉरच्या प्रमाणपत्रापासून 'समाप्त'पर्यंत दाखवा, मूळ चौकटीत, श्रेयनामावलीसकट. वेळेसाठी कापायचाच असेल तर 'संक्षिप्त आवृत्ती' असं सुरुवातीला लिहा. जाहिराती हव्या तेवढ्या लावा, पण त्यांच्या आडून रीळ पळवू नका.

चार, मराठी संवाद खाली मराठीत द्या. पैसे नसतील तर आमच्या वाचनालयातले चार निवृत्त शिक्षक ते फुकट लिहून द्यायला तयार आहेत, ऱ्हस्वदीर्घासकट.

पाच, ज्या चित्रपटांची मुदत संपली आहे त्यांच्यावर हक्क सांगू नका. प्रत काढून द्यायचा वाजवी खर्च मागा, तो आम्ही देऊ.

आणि सहावी मागणी फक्त त्या एका वाहिनीला आणि त्या एका कंपनीला. नावं घेत नाही, तुम्ही वाचाल तेव्हा ओळखालच. 'पाठलाग'चा कोर्टातला शेवटचा भाग तुमच्या दोघांपैकी एकाकडे नक्की आहे, कारण तुम्ही दोघंही दुसऱ्यानं कापला असं म्हणता. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी सहाला आमचा खेळ असतो. प्रोजेक्टर आमचा, खुर्च्या आमच्या, चहा आमचा. लोगोसकट दिलात तरी चालेल. अण्णांना माडीवर चढवायला दोन पोरं लागतात, त्यांना एक दिवस आधी सांगावं लागतं, तेव्हा शुक्रवारपर्यंत कळवा.

आपली,
एक प्रेक्षक
(सरकारी वकिलाची मुलगी)

ता. क. : काकांच्या डब्यावरचं लेबल उंदरांनी खाल्लंय. 'रीळ ७' आणि त्याखाली 'मराठी' एवढंच वाचता येतं. दारात तांब्या घेऊन उभी असलेली बाई, नऊवारी, डाव्या हाताला लाकडी खांब. याच्या आधीची सहा आणि पुढची रिळं कुणाकडे असतील तर कृपया टाकू नका, आधी मला कळवा.